आंबोलीचा उलटा हंगाम

पेडण्यात वाढलेल्या माणसाला सह्याद्री रोज दिसतो. दिवाळीच्या सुमाराला हवा धुऊन निघाली की सड्यावर उभं राहावं. पूर्वेला निळी रांग स्पष्ट होते. सावंतवाडीच्या वर त्याच रांगेच्या माथ्याला आंबोली आहे. या रांगेकडे पाहताना मला लहानपणापासून एक प्रश्न पडत आला आहे. साडेचारशे वर्षं युरोपीय सत्ता नांदलेल्या गोव्याला स्वतःचं थंड हवेचं ठिकाण का नाही? ब्रिटिशांनी महाबळेश्वर, माथेरान, उटी, सिमला उभी केली. गोव्यात मे महिन्याची हवापालट म्हणजे समुद्र. सासष्टी-बार्देशातली खाऊनपिऊन सुखी कुटुंबं बिछान्या-भांड्यांसकट कळंगुटला नाहीतर कोलव्याला जाऊन राहत. डोंगराकडे कुणी वळलं नाही.

या प्रश्नाच्या नादाने मी जुनी गॅझेटियरं, करारांची कलमं, रेल्वेचे इतिहास वाचत गेलो आणि वाचता वाचता गोव्याच्या हद्दीबाहेर, आंबोलीत जाऊन पोचलो. तिथे जे सापडलं ते मला अजून सोडत नाही. आंबोली एकदा मोठं गिरिस्थान होण्याच्या बेतात होती. ती झाली नाही, आणि त्याचं एक मोठं कारण गोव्यात घडलं.

महाबळेश्वरची गोष्ट वाचकांना ठाऊक आहे: सर जॉन माल्कम, साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज आणि १८२९ मध्ये झालेली गावांची अदलाबदल. माथेरानही ठाऊक आहे: १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट चौकच्या बाजूने चढून गेले आणि १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाने नेरळहून छोटी गाडी वर नेली. दोन्ही ठिकाणी सुरुवात साहेबाच्या आजारी शरीरापासून झाली. उन्हाळा सोसवत नाही, म्हणून डोंगर. आंबोलीचा जन्म मात्र रस्त्यावरच्या मुक्कामातून झाला.

बेळगावला ब्रिटिशांची मोठी छावणी होती. तिला लागणारा माल मुंबईहून समुद्रमार्गे वेंगुर्ल्याला उतरे आणि बैलगाड्यांनी सह्याद्री ओलांडून वर जाई. वेंगुर्लं म्हणजे जुनं बंदर. डचांची वखार तिथे सतराव्या शतकातली, आणि १८१२ पासून ते ब्रिटिशांच्या ताब्यात होतं. आधी रामघाटाची वाट वापरात होती. पुढे आंबोलीचा, म्हणजे पारपोलीवरून चढणारा, गाडीरस्ता झाला. घाट चढून आलेल्या बैलांना विसावा हवा, गाडीवानाला भाकरी हवी, साहेबाला बंगला हवा. समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर, घाट संपतो तिथे, हे सगळं आपोआप जमत गेलं. आंबोलीचा पहिला व्यवसाय पाहुणचाराचाच होता, आणि तो थंड हवेवर नव्हे, थकलेल्या बैलांवर चालत होता.

इथे कर्नल वेस्ट्रॉप येतात. सावंतवाडी संस्थानाचा कारभार १८३८ पासून ब्रिटिशांनी आपल्या हाती घेतलेला होता आणि वेस्ट्रॉप हे तिथले राजकीय अधिकारी. १८८० च्या दशकात त्यांनी आंबोलीला थंड हवेचं ठिकाण म्हणून वसवायला घेतलं. माल्कमसाहेबांच्या नावाने पेठ वसली, मॅलेटच्या नावाचा झरा माथेरानला आहे. वेस्ट्रॉपचं नाव मात्र आंबोलीवरच्या लेखांत एका ओळीपुरतं येतं आणि संपतं. मला हा माणूस फार दुर्दैवी वाटतो. त्यांची निवड चूक नव्हती. पुढे समुद्र दिसणारे कडे, मागे सपाट माळ, हिरण्यकेशी नदीचं बारमाही पाणी, हाताशी चालता रस्ता आणि एका बाजूला बंदर तर दुसऱ्या बाजूला छावणी. गिरिस्थानाला याहून काय लागतं? पण त्यांनी काम हाती घेतलं त्याआधीच लिस्बनमध्ये एका कागदावर सह्या झाल्या होत्या.

तो कागद म्हणजे २६ डिसेंबर १८७८ चा इंग्रज-पोर्तुगीज करार. गोव्यात या कराराची आठवण मिठामुळे आणि अबकारीमुळे राहिली आहे. बारा वर्षांसाठी गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामधली जकात उठली. गोव्याच्या मिठाचं नियंत्रण ब्रिटिशांच्या हाती गेलं आणि दारूवर ब्रिटिश धर्तीची अबकारी आली. बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळायचे ठरले. मिठागरं बसली, माडावर चढून सूर काढणाऱ्या रेंदेरांच्या पोटावर पाय आला, माणसं मुंबईची वाट धरू लागली. करार १८९२ मध्ये संपला आणि त्याचं नूतनीकरण झालं नाही. पण याच करारातलं दुसरं मोठं कलम टिकलं: मुरगाव बंदरापासून ब्रिटिश हद्दीपर्यंत रेल्वे. त्यासाठी इंग्रज भांडवलाची कंपनी निघाली, पोर्तुगीज सरकारने व्याजाची हमी घेतली, दूधसागरच्या कड्यातून बोगदे फोडले गेले आणि १८८८ मध्ये मुरगावहून निघालेले रूळ कॅसलरॉकला ब्रिटिश हद्दीतल्या रुळांना मिळाले. त्याच सुमाराला बेळगावलाही आगगाडी पोचली.

या घटना नकाशावर ठेवून पाहाव्यात. वेंगुर्लं हे उघड्या समुद्रावरचं बंदर, पावसाळ्यात बंद राहणारं. मुरगाव बाराही महिने चालू शकणारं. एकीकडे बैलगाडी आणि घाट, दुसरीकडे आगगाडी आणि बोगदा. बेळगावच्या छावणीला आता वेंगुर्ल्याची गरज उरली नाही, आणि वेंगुर्ल्याची गरज उरली नाही म्हणजे आंबोलीचीही नाही. वेस्ट्रॉप ज्या दशकात आंबोली वसवत होते, त्याच दशकात तिच्या पायाखालचा रस्ता निकामी होत होता. गोव्याने स्वतःचं गिरिस्थान उभारलं नाही एवढंच नव्हे, तर गोव्यातून गेलेल्या रेल्वेने शेजारचं उभं राहणारं गिरिस्थान बसवलं. आंबोलीच्या मागे पडण्याचं खापर नेहमी पावसावर फोडलं जातं. माझं मत असं की पाऊस हे निम्मं कारण आहे, उरलेलं निम्मं मुरगावला आहे.

पावसाचा वाटाही मोठा आहे, हे मान्य करावंच लागेल. आंबोलीत वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पणजीच्या दुपटीहून जास्त. सह्याद्रीतल्या ब्रिटिश गिरिस्थानांचा मुख्य हंगाम मार्च ते मे. पाऊस लागला की महाबळेश्वरच्या बंगल्यांना गवताचे झाप बांधून साहेब खाली उतरत. आंबोलीत तर चार महिने दारासमोरचं झाड दिसणं कठीण. रस्त्यावरची वर्दळ आटल्यावर तीन महिन्यांच्या हंगामासाठी इथे भांडवल कोण घालणार?

पुढची काही दशकं झपाट्याने ओलांडायला हरकत नाही. संस्थानिकांचा उन्हाळी राजवाडा इथे होता. ज्यांच्या कारभाराला गांधीजींनी रामराज्य म्हटलं त्या बापूसाहेब महाराजांच्या हाती १९२४ मध्ये संस्थानाची सूत्रं आली. संस्थान विलीन झालं, सरकारी विश्रामगृहं उरली. पेडण्या-डिचोलीच्या माणसाला मात्र हा डोंगर दूरच राहिला. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पेडणं, डिचोली हे सावंतांचेच मुलूख. त्यानंतर पोर्तुगीज हद्द मध्ये आली. पंधरा ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळीबार झाला, पाठोपाठ सरहद्द जवळपास बंद झाली, आणि १९६१ पर्यंत बांद्याच्या पलीकडे जाणं ही साधी गोष्ट राहिली नाही. आंबोली आमच्या नजरेच्या टप्प्यात होती आणि पायाच्या टप्प्याबाहेर.

आज मात्र जुलैतल्या कुठल्याही रविवारी घाटात गोव्याच्या गाड्यांची रांग लागते. बेळगाव, कोल्हापूर, गोवा, तिन्हीकडून माणूस येतो तो धबधब्याखाली भिजायला. ज्या पावसाने साहेबाला पळवलं, त्या पावसावर आता आंबोलीचं पोट आहे. हंगाम पुरता उलटला. जून ते ऑगस्ट तेजी, आणि जो एके काळचा हंगाम तो मार्च-एप्रिल-मे जवळजवळ रिकामा. या रिकाम्या उन्हाळ्यात आंबोलीचा यजमान काय करतो, हे मला या साऱ्या संशोधनातलं सगळ्यात मोलाचं प्रकरण वाटतं.

बाजारपेठेच्या मागे एका घरी मी उतरत आलो आहे. चार खोल्या पाहुण्यांना, दोन घरच्यांना. घरच्या वहिनी स्वयंपाक पाहतात, भाऊ बाकीचं. हॉटेल हा शब्द त्या घरात कुणी वापरत नाही; पाहुणे म्हणजे पाहुणेच. मी तिथे मुद्दाम एप्रिल-मे महिन्यांत राहतो, कारण तेव्हा घर खऱ्या अर्थाने कामात असतं.

पहिलं काम शाकारणी. कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, वाशांना लागलेली वाळवी पाहायची, पुन्हा चढवायची. शाकारणीची माणसं खालून, दाणोली-पारपोलीकडून येतात आणि त्यांच्या तारखा शिमगा सरताच ठरतात. मग लाकूड. चार महिने एक काडीही वाळत नाही, म्हणून सगळी बेगमी मेच्या मध्याला पडवीत रचून झालेली पाहिजे. गॅस आहे, पण पाहुण्यांच्या अंघोळीचं पाणी बंबावर तापतं आणि ओले कपडे चुलीच्या धगीवर सुकतात. गाद्या, उशा, रजया उन्हात. भिंतींच्या पावसाकडच्या अंगाला ताडपत्री. विजेचा भरवसा नाही म्हणून बॅटऱ्या, मेणबत्त्या. शेवटी कोठी: तांदूळ, कुळीथ, सुकी मिरची, सुकट, अमसुलं. आंबोलीत कोकम फारसं नाही. वहिनी माहेरून, खालून, आणवतात. त्यांच्या सोलकढीची चव गोव्याकडे झुकते ती त्यामुळे.

या दिवसांत येणारा पाहुणा वेगळा असतो. मुंबईहून चाकरमानी येतो, तो स्वतःच्या गावघरी उतरतो. पण त्याच्याबरोबर एखादं मित्राचं कुटुंब येतं आणि त्यांना खोली लागते. गळ्यात दुर्बीण घातलेले पक्षीनिरीक्षक येतात. मार्च-एप्रिलमध्ये अंजनी फुलते, फांद्यांना चिकटून निळी-जांभळी फुलं येतात, तिचे फोटो काढायला कुणी येतं. करवंदं पिकतात, जांभळं पडतात. दुपारी ऊन लागतं, हे स्वच्छ सांगायला हवं. मे महिन्यातली आंबोली म्हणजे उटी नव्हे. पण संध्याकाळी दरीतून वारा येतो, आणि महिन्याच्या अखेरीस धुकंही. रात्री जेवणं झाली की गावातल्या खबरा ओट्यावर येतात: कुणाच्या उसात गवे शिरले, कुठल्या वाडीत बिबट्याने कुत्रं नेलं, कुणाचं लग्न पावसाच्या आत उरकायचं आहे, घाटात दरड कुठे सैल झाली आहे. शेवटच्या खबरीवर सगळे गंभीर होतात. घाट बंद म्हणजे जुलै बुडाला, आणि जुलै बुडाला म्हणजे वर्ष बुडालं.

भाऊंचा सगळा हिशेब आठ-दहा शनिवार-रविवारांवर बसतो. धबधब्याला येणारी गर्दी बहुतेक संध्याकाळी परत जाते. ती मक्याचं कणीस खाते, कांदाभजी खाते, चहा पिते; खोली घेत नाही. तिच्यातला काही भाग दारूच्या बाटल्या टाकतो, गाडीचे दरवाजे उघडे ठेवून गाणी लावतो, आणि सोमवारी गावाला काचा वेचायला लावतो. यात आमच्या गोव्याच्या गाड्या कमी नसतात, हे मला फार लागतं. राहणारा पाहुणा मिळतो तो जंगलामुळे, रात्रीच्या पावसात बेडूक पाहायला येणाऱ्यांमुळे.

आंबोलीतल्या बेडकांची आणि माशांची गोष्ट तिच्या राजकीय इतिहासाइतकीच नाट्यमय आहे. २००३ मध्ये इथून एका देवगांडुळाची, म्हणजे पाय नसलेल्या उभयचराची, नवी जात विज्ञानाला कळली. २००९ मध्ये अंगावर वाघासारखे पट्टे असलेल्या एका छोट्या भेकाचं वर्णन प्रसिद्ध झालं. एस. डी. बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला झँथोफ्राइन टायगरिना हे नाव दिलं. तो आंबोलीच्या परिसरापुरताच, आणि नष्ट होण्याच्या अगदी काठावर असलेल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत आहे. पहिला पाऊस पडला की हे भेक सड्याच्या कातळावर साचलेल्या उथळ डबक्यांजवळ जमतात आणि तिथेच अंडी घालतात. ऊन पडलं की डबकं आटतं, गाडीचं चाक गेलं की भेक मरतात. २०२० मध्ये हिरण्यकेशीच्या देवळापुढच्या कुंडातून एका रंगीत, बोटभर माशाची नवी जात नोंदली गेली: शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने त्या देवस्थानाच्या परिसरातली २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. माशाला संरक्षण मिळालं त्याच्या आधी कितीतरी पिढ्या ते कुंड देवाचं म्हणून सांभाळलं गेलं होतं. हे श्रेय गावाला कुणी पुरेसं दिलेलं नाही.

या कुंडातलं पाणी आजरा-गडहिंग्लजकडे जातं, घटप्रभेला आणि मग कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला पोचतं. कड्याच्या या बाजूला पडलेला पाऊस तेरेखोलच्या खोऱ्यात उतरतो आणि पेडण्याच्या सीमेवरून अरबी समुद्रात जातो. आंबोलीच्या जंगलाचं काय होतं, हा पेडण्याच्याही पाण्याचा प्रश्न आहे.

या जंगलाइतकाच गुंतागुंतीचा मामला जमिनीचा आहे, आणि तो समजल्याशिवाय आंबोलीचा यजमान समजत नाही. संस्थानी काळात आंबोली, गेळे, चौकुळ या गावांतल्या गावकऱ्यांनी सामाईक कबुलायत लिहून दिली: साऱ्याची जबाबदारी गावाची, जमीन गावाची. कागदोपत्री मालक ‘कबुलायतदार गावकर’. गोव्यातल्या वाचकाला हे परकं वाटणार नाही. आपली गावकरी आणि कोमुनिदाद याच कुळातली. पण नव्वदच्या दशकाच्या अखेरीला या जमिनींच्या सातबारावर महाराष्ट्र शासनाचं नाव लागलं, आणि पिढ्यान्‌पिढ्या कसणारी, घर बांधून राहणारी माणसं कागदावर पाहुणी ठरली. सातबारा नाही म्हणून बँक कर्ज देत नाही. कर्ज नाही म्हणून खोली वाढत नाही. परवाना मागायला गेलं की जागेचा पुरावा मागतात. बाहेरच्या पैसेवाल्याने जिथे कागद स्वच्छ आहे तिथे जागा घेऊन मोठं रिसॉर्ट बांधावं आणि मूळ गावकऱ्याने रस्त्याकडेला कणसं भाजावीत, अशी ही व्यवस्था होती. उपोषणं झाली, मोर्चे झाले, निवडणुकांत आश्वासनं झाली. अलीकडच्या काही वर्षांत शासनाने वाटपाचे निर्णय घेतले आहेत, पण कोण किती वाट्याचा हक्कदार आणि वन म्हणून नोंदलेल्या जमिनीचं काय, यावरून तंटे सुरूच आहेत.

डिचोलीच्या माणसाला यात मये दिसेल. मुक्तीनंतर मयेच्या काउंटची जहागीर परागंदा मालमत्ता म्हणून सरकारी कस्टोडियनकडे गेली आणि गाव आपल्याच घरांत परका झाला. अशा मालमत्तांसाठीच्या १९६४ च्या कायद्यानंतर गावकऱ्यांच्या हक्काचा कायदा यायला २०१४ उजाडलं, आणि सनदा हातात पडायला त्याहून वेळ लागला. मयेच्या तळ्यावर पर्यटन केंद्र आलं, पण ज्यांच्या कुळागरांमुळे ते तळं देखणं होतं त्यांच्या नावावर जमीन नव्हती. आंबोली आणि मये, दोन राज्यं, दोन वेगळे इतिहास. अन्याय एकाच जातीचा. पर्यटन धोरणं लिहिणारे धबधबे आणि तळी मोजतात. यजमानाच्या हातात सातबारा आहे का, हे कुणी आधी विचारत नाही. माझ्या मते तो पहिला प्रश्न असायला हवा. ज्याची जमीन स्वतःची आहे तो झाड तोडताना नातवाचा विचार करतो. ज्याला उद्याची खात्री नाही त्याच्याकडून जंगल राखण्याची अपेक्षा करणं बरोबर नाही.

आता चित्र पुन्हा बदलतं आहे, आणि या वेळीही बदल गोव्यातूनच निघाला आहे. ५ जानेवारी २०२३ पासून पेडण्यात मोपाचा विमानतळ सुरू झाला. १८८८ मध्ये मुरगावच्या रेल्वेने आंबोलीचा रस्ता ओस पाडला. मोपाच्या धावपट्टीने तो भरून टाकायला सुरुवात केली आहे. घाटमाथ्यावर जमिनींचे भाव विचारणारे अनोळखी चेहरे वाढले आहेत, असं भाऊ सांगतात. वेस्ट्रॉपना जे जमलं नाही ते विमानतळ पाच-दहा वर्षांत करून दाखवील. मला याची भीती वाटते. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी मागे पडल्यामुळेच आंबोलीचं जंगल, तिचे भेक आणि तिची चार खोल्यांची घरं वाचली आहेत.

पेडण्या-डिचोलीच्या वाचकांना म्हणून एवढंच सांगणं आहे. आंबोलीला जा, पण एप्रिल-मे महिन्यांत किंवा दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत जा, निदान दोन रात्री राहा, गावकऱ्याच्या घरी उतरा आणि तो सांगेल तो दर घासाघीस न करता द्या. धबधब्याला जायचंच असेल तर बाटली घरी ठेवा. आणि पहिल्या पावसाच्या रात्री माथ्यावरच्या रस्त्यावरून गाडी नेऊ नका. न्यावीच लागली तर अगदी सावकाश न्या, कारण त्या रात्री भेक रस्ता ओलांडत असतात.